गावाच्या नावाची खोली

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या कितीतरी गावांची एकेक खोली असे. भाडेपावती एखाद्या जुन्या गावकऱ्याच्या नावाची, हक्क मात्र साऱ्या गावाचा. सत्तरच्या दशकात शाळा संपवून मी मुंबईला आलो तो थेट अशाच गावकीच्या खोलीत. वडील तिथेच राहून गिरणीत साचेखात्यात जात. मला जागा शोधावी लागलीच नाही. कुणाचा मुलगा, एवढं कळलं की पुरे होई.

दहा बाय बाराच्या त्या जागेत पंधरा-वीस माणसं मावत, ती पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचे लोक भोंग्यासरशी बाहेर पडत आणि रातपाळीवाले येऊन अंग टाकत. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, भिंतीवर एक खुंटी. भाडं नि विजेचं बिल सगळ्यांत वाटलं जाई. नोकरी न लागलेल्या पोराकडून मात्र कुणी वर्गणी मागत नसे. गावच्या शाळेच्या छपरासाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पैसेही इथेच जमत.

जेवण खानावळीत. शेजारच्या चाळीतली एखादी माऊली स्वतःचा संसार सांभाळून दहा-वीस जणांना जेवू घाली, पैसे पगार झाल्यावर. अशाच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

गणपतीला खोली ओस पडे, सगळे गावी. दिवाळीला तेवढी रजा नसे, म्हणून ती खोलीतच व्हायची. पहाटे सामाईक नळावर उटणं लावून अंघोळी, मग खानावळीतून आलेला फराळ मधोमध ठेवून सगळ्यांनी गोल बसायचं. तशी चकली मला पुन्हा मिळाली नाही.

लग्न ठरलं तेव्हा गिरगावापासून दादरपर्यंत चाळी पालथ्या घातल्या. १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या सुमारास होती तिथेच बांधून टाकली होती. बसलेल्या भाडेकरूला त्याचा मोठा आधार होता. पण मालक नव्या माणसाला नुसत्या भाड्यावर जागा देईना, पागडी मागे. (१९९९ च्या कायद्यानं पुढे तिला मान्यताही दिली.) माझी पागडी खोलीतल्या गिरणी कामगारांनी आपापल्या पगारातून उभी केली. कागद नाही, व्याज नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कित्येक जण वळकटी घेऊन गावी गेले ते परतलेच नाहीत. जे थांबले, त्यांचं भाडं कमावत्यांनी भरलं.

आज त्याच लालबागेत पहिल्या नोकरीवर आलेल्या मुलाला अनामत रक्कम, दलाली आणि अकरा महिन्यांचा करार पेलावा लागतो. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उठले, पण एकट्यानं आलेल्या गरीब मुलाला पाठ टेकायला परवडेल अशी जागा त्यांत नाही. ती आमच्या वडीलधाऱ्यांनी तुटपुंज्या पगारात करून दाखवली होती. आम्ही त्यांच्या जिवावर मुंबईकर झालो. आता नव्यानं येणाऱ्यांसाठी तशी सोय करणं आपलं काम आहे.