दोन दिवसांचा वाडा

लग्नपत्रिका हातात पडली तेव्हा माझी नजर प्रथम स्थळावर गेली. महाविद्यालयातल्या जुन्या मित्राच्या मुलीचे लग्न होते, आणि स्थळ होते मुळशी तालुक्यातील ढेपे वाडा. मित्राचे घराणे सदाशिव पेठेतले. पुण्यात शिकत असताना त्यांच्या चौकाच्या वाड्यात मी कितीतरी वेळा पंगतीला बसलो होतो. तो वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, त्यालाही आता वर्षे लोटली. वाड्यात वाढलेला माणूस लेकीच्या लग्नासाठी वाडा भाड्याने घेतो आहे, हे वाचून मला हसू आले. माझ्या मुलीने मात्र ती पत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाली, "पप्पा, पुढच्या वर्षी आपणही असेच एखादे जुने घर पाहू या ना!" मी काहीच बोललो नाही.

वसईहून निघून पुणे गाठले, पौड रस्त्याने पिरंगुट मागे टाकले आणि मुळशीच्या डोंगररांगा समोर येऊ लागल्या. ढेपे वाडा ऐतिहासिक नाही. तो याच शतकात, जुन्या महाराष्ट्रीय वाड्याचा घाट समोर ठेवून नव्याने बांधलेला आहे. पण दरवाजा ओलांडून चौकात पाऊल टाकले की ही नवलाई क्षणभर विसरायला होते. भोवतीच्या ओसऱ्या, लाकडी खांब आणि भिंतीतले कोनाडे यांच्या सावलीत माणूस आपोआप हळू बोलू लागतो. सनई चौकात घुमत होती. जेवणात आंबेमोहोराचा भात होता. त्याचा वास आधी आला, पान मागून आले.

खरे जुने वाडे पुण्यात का उरले नाहीत, याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे त्या एका दिवसात कोसळले. जे वाचले त्यांना गोठलेल्या भाड्यांनी आणि वाढत्या वारसांनी पोखरले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना आणि भावाभावांत एकमत होईना. शेवटी साऱ्यांचे एकमत एकाच गोष्टीवर झाले, ते म्हणजे पाडण्यावर.

संध्याकाळी पाहुण्यांची वर्दळ कमी झाली तेव्हा मित्राची आई ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. वय नव्वदीच्या घरात. स्मृती कधी साथ देते, कधी देत नाही. उन्हे उतरताच तिने आत पाहून हाक मारली, "दिवा लावला का गं?" तिथे घरचे कोणीच नव्हते. पाण्याचे पेले गोळा करणारी एक मुलगी, बहुधा जवळच्याच गावची, थबकली आणि म्हणाली, "लावते, आजी." तिने कुठूनशी एक पणती आणली आणि कोनाड्यात लावली. म्हातारीने हात जोडले. माझा मित्र खांबाआड उभा होता. तो मला म्हणाला, "वाडा पाडायच्या कागदावर आम्ही चौघा भावांनी सह्या केल्या. हिला फक्त सांगितले, विचारले नाही. म्हणून हा दोन दिवसांचा खटाटोप. मुलीच्या हौसेसाठी आहे असे सगळ्यांना वाटते. वाटू दे."

पत्रिका वाचताना आलेले हसू मला तिथे बोचू लागले; कारण मीही अशीच सही केलेली आहे.

वसईतले आमचे घर वाड्याइतके मोठे नव्हते. पुढे पडवी, मग ओटी, वर भाताच्या कणग्यांचा माळा, मागे केळीची वाडी आणि वाडीच्या कडेला बाव. माझ्या आत्यांची लग्ने त्याच अंगणात झाली. आपल्यात विवाहाचा संस्कार धर्मग्रामाच्या मंदिरात होतो. पण लग्नघर मात्र खरोखर घरच असे. मांडवाच्या मेढी रोवायला आळीतले पुरुष न बोलावता येत, भाज्या चिरायला बायका आपापल्या विळ्या घेऊन येत, आणि आदल्या दिवशी वाजतगाजत बावेचे पाणी आणून नवरीला न्हाऊ घालीत. कोणी कोणाला भाडे देत नसे. पण प्रत्येकजण प्रत्येकाच्या देण्यात असे. ते देणे पुढच्या लग्नात फिटे आणि पुन्हा नव्याने चढे. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी वाटणी केली, जागा बांधकामाला दिली आणि बाव बुजवली. कोणी आमच्यावर जबरदस्ती केली नव्हती. आज तिथे माझाही एक फ्लॅट आहे. तो सुखाचा आहे, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोप येईना म्हणून मित्राच्या ओळखीच्या एका तरुण चालकाला घेऊन मी मुळशीच्या धरणाकडे गेलो. धुके विरत होते. जलाशय इतका शांत होता, की तो मुळापासून तिथेच असावा असे वाटावे. चालक सहज म्हणाला, "आमचे मूळ गाव इथे खाली आहे, काका. पणजोबांच्या वेळी गेले." बोट दाखवले तिथे केवळ पाणी होते.

मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीने हे धरण बांधायला घेतले, तेव्हा खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांवर बुडण्याची पाळी आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे बायकामुलांसह कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी लढा चालवला. 'सेनापती' हे बिरुद बापटांना इथेच लाभले. पण लढ्याला आतूनच चीर पडली. अनेक जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांकडे होते. त्यांना मोबदला चालणार होता. कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. १९२४ अखेर बापटांना पुन्हा कैद झाली, सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ पासून इथले पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहात उतरू लागले आणि मुंबईचे दिवे व गिरण्या त्यावर चालल्या. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. मुंबईच्या छायेत, त्याच विजेच्या उजेडात वाढलेल्या माझ्यासारख्याने हे पाणी नुसते निसर्गशोभा म्हणून पाहू नये.

त्या काठावर उभा असताना एक गोष्ट मला लख्ख दिसली. इथल्या लोकांनी घर देण्यास नकार दिला, तुरुंग पत्करला आणि तरीही त्यांची घरे गेली. आम्ही मात्र मागण्याआधीच दिली, आणि आता तशाच घरांच्या प्रतिमा शोधत त्यांच्याच तालुक्यात येतो. याचा दोष त्या नव्या वाड्याला नाही. त्याने गवंड्यांची आणि सुतारांची जुनी कला जपली, गावच्या मुलींना काम दिले, एका म्हातारीला तिन्हीसांजेचा दिवा दिला. जे विकत देता येते ते त्याने उत्तम दिले. मांडवाच्या मेढी रोवायला येणारी आळी तेवढी कोणालाही भाड्याने देता येत नाही.

परतताना गाडीत मुलीने विचारले, "मग, आवडला का वाडा?" आवडला, असे मी मनापासून म्हणालो. मग तिला सांगितले, की तुझे लग्न आपण आपल्याच इमारतीच्या अंगणात करू. ज्या जागी आत्यांचे मांडव पडले तीच ती जागा आहे. वर कौले नसतील, एवढेच. इमारतीतले निम्मे शेजारी बाहेरगावचे आहेत, काहींची नावेही मला ठाऊक नाहीत. ती विचारायला वर्षभराचा अवधी आहे.

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "पण आपली बाव तर बुजवली."

"शेजारच्या वाडीतली आहे अजून," मी म्हणालो. "पाणी तिथून आणू. मागायला मी स्वतः जाईन."