सपाट पाणी, भरधाव वारा

मॉरिशसहून सहकुटुंब परतलेल्या शेजाऱ्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे धरला आणि विचारलं, "सर, पाणी तर पहा, परातीत ओतल्यावानी. मग हे आपल्या अंबाझरीत काऊन नाही होत?" त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचा फोन आला. वाऱ्यावर काहीतरी हलकंफुलकं हवं होतं, आणि समीकरणं अजिबात नको होती. प्रस्तुत लेखकाची हयात नागपुरात अभियांत्रिकीच्या मुलांना फ्लुइड मेकॅनिक्स शिकवण्यात गेली. समीकरणांवाचून वाऱ्याबद्दल बोलायची त्याला सवय नाही. तरी प्रयत्न करतो आहे.

व्हिडिओ ले मोर्नचा होता. मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला ले मोर्न ब्राबान्ट नावाचा ५५६ मीटर उंचीचा कातळ आहे. पळून आलेले गुलाम त्याच्या कडेकपारीत आसरा घेत, म्हणून २००८ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्याच्या पायथ्याच्या लगूनवर जगभरचे काइटसर्फर गोळा होतात. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला वीस-चोवीस मीटर दोऱ्यांनी जोडलेला कापडी पतंग, एवढ्या सामानावर माणूस पाण्यावरून सुसाट पळतो, मध्येच दोन मजले उंच उडतो. ले मोर्न ज्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आहे, तिथेच कास्कावेलसारख्या गावी कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, आणि ती येते नेमकी तिकडच्या वाऱ्याच्या हंगामात.

"पाणी एवढं शांत, मग वारा कुठला?" हा त्या शेजाऱ्यांचा पुढचा प्रश्न. हा गैरसमज सार्वत्रिक आहे. लाटांची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला. ले मोर्नला वारा हिंदी महासागर ओलांडून येतो, पण लाटा बाहेरच्या प्रवाळभिंतीवर फुटतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार प्रवाळभिंती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेतात. भिंतीच्या आत उरतं फक्त काही शे मीटर पाणी. तेवढ्यात नवी लाट वाढत नाही. वाऱ्याला मात्र भिंतीची पर्वा नसते, तो वरून तसाच येतो. जोरदार वारा आणि सपाट पाणी एकाच ठिकाणी मिळणं दुर्मीळ, आणि माणसं तिकिटं काढून तिथे जातात ती या दुर्मीळपणासाठी. आता भिंतीवरून आत आलेलं पाणी बाहेर तर पडणारच. ते जिथे भिंतीला खिंड आहे तिथून ओढीने निघतं. 'वन आय' नावाची प्रसिद्ध लाट अशाच खिंडीजवळ फुटते, आणि नवशिक्याचा पतंग पाण्यात पडला की तो गुपचूप त्या दिशेला निघतो. व्हिडिओत हे दिसत नाही.

आता लेखकाच्या जुन्या दुखण्याकडे येऊ. संपादकांनी इथे कात्री लावू नये.

पतंग वर का जातो? कित्येक पुस्तकांत आणि दर दुसऱ्या शैक्षणिक व्हिडिओत उत्तर ठरलेलं असतं: पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेला शेवटच्या टोकाशी गाठायचं म्हणून ती वेगाने धावते, वेग वाढला की दाब कमी. यातलं शेवटचं वाक्य बरोबर आहे, बर्नुलीचा काही दोष नाही. पण वेगळ्या झालेल्या दोन हवांनी पुन्हा भेटलंच पाहिजे, हा नियम कुणी केला? केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्कींनी २००३ मध्ये धुराच्या रेषा सोडून हे दाखवलं. वरची हवा टोकाला आधीच पोचते, खालचीसाठी थांबत नाही.

नागपूरकराला त्यासाठी केंब्रिजला जायची गरज नाही. संक्रांतीला गच्चीवर जावं. आपल्या पतंगाला असतो एक कागद, एक उभी काडी, एक कमान. वरून मोजा की खालून, कागदाची लांबी तेवढीच. रस्त्याच्या लांबीचा सिद्धांत खरा असता तर महालपासून प्रतापनगरपर्यंत एकही पतंग उडाला नसता. पतंग उडतो तो कन्नीमुळे. कन्नीच्या गाठीने तो वाऱ्याला तिरका धरला जातो, हवेला खाली वळवतो आणि स्वतः वर ढकलला जातो. गाठ बोटभर सरकवा, तोच पतंग डोकं आपटायला लागतो. हे दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं, आणि अकरावीत गेल्यावर आपण ते त्याच्याकडून विसरवून घेतो. तोंडी परीक्षेत पदवीच्या मुलांकडून हेच उत्तर पुन्हा पुन्हा ऐकून लेखक थकला आहे.

काइटसर्फिंगचा नेहमीचा पतंगही एकेरी कापडाचाच. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये त्याचं पेटंट नोंदवलं. त्यांची करामत कापडात नव्हती, कडेला शिवलेल्या नळीत होती. हातपंपाने ती नळी इतकी फुगवायची की टिचकी मारल्यावर टणटणीत वाजली पाहिजे. मग पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उचलता येतो. वाऱ्याने ओढून घेण्याची हौस त्याहून कितीतरी जुनी. ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने १८२६ मध्येच पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, हा खेळ पहिल्यांदा आला आणि त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या.

मग अंबाझरी का नाही? अक्षांशाने म्हणाल तर ले मोर्न विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण साडेवीस अंशांवर आणि नागपूर उत्तरेला एकवीसवर, म्हणजे जवळजवळ सारखंच. पण तिकडे मे ते ऑक्टोबर आग्नेय व्यापारी वारे दिवसचे दिवस एका दिशेने वाहतात. त्यामागे आहे मॉरिशसच्या दक्षिणेचा मस्कारेन जास्त दाबाचा पट्टा. तिथूनच निघालेली हवा विषुववृत्त ओलांडते, वळते आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून आपल्याकडे पाऊस आणते. फक्त ती नागपूरला पोचेपर्यंत जमीन, डोंगर आणि झाडी तिचा सुरळीतपणा काढून घेतात.

या खेळाला साधारण १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटर वारा लागतो, आणि तोही एकसारखा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते (हे समीकरण नाही, वाक्य आहे). अंबाझरी तलाव १८७०च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी बांधला. त्याच्या काठाला झाडं आहेत, इमारती आहेत. वीस मीटर उंचीच्या अडथळ्यामागे दोनशे ते चारशे मीटर हवा भेलकांडत राहते. म्हणजे ऐन तलावावर. आणि मे-जूनमध्ये वारा येतो तो वळवाच्या ढगाखालून कोसळणारा. मिनिटाभरात त्याची दिशाही बदलते आणि वेगही. अशा झोतात दहा चौरस मीटरचा पतंग कमरेला बांधलेला माणूस पाण्यावर राहत नाही, काठावरच्या भिंतीवर जातो. त्यात त्या ताणलेल्या दोऱ्या. २०१७ मध्ये हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी आणली, तरी जानेवारीत गळे कापल्याच्या बातम्या येतातच. या शहराला आणखी दोऱ्या नकोत.

ले मोर्नलाही वारा पूर्वेकडे फार झुकला की त्या कातळाची सावली लगूनवर पडते आणि नामांकित पाणीसुद्धा बेभरवशाचं होतं. जाणते त्या दिवशी पतंग पिशवीतून काढत नाहीत.

शिकायचंच असेल तर मॉरिशस गाठायचं कारण नाही. रामेश्वरम आणि तुतिकोरिनकडे उथळ, सपाट पाणी आहे आणि वाऱ्याचे दोन हंगाम आहेत, उन्हाळ्या-पावसाळ्यात नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा. गोव्याला मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर दुपारचा समुद्रवारा मिळतो, पण तो हलका. कुठेही जा, वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल तर पाणी कितीही गुळगुळीत दिसो, त्यात उतरायचं नाही. किनाऱ्यालगत ते तसं दिसतं ते लाटेला वाढायला जागाच मिळालेली नसते म्हणून, आणि पतंगवाल्याला तोच वारा थेट खोल समुद्रात नेतो.