मनगटावरचं उसनं

पाण्याखाली चाळिशीचा चष्मा चालत नाही. शिवाय पाण्यातली वस्तू मास्कच्या काचेआडून असते त्याहून पाव अंतराने जवळ दिसते. जवळचं दिसत नाही अशा माणसाच्या अडचणीत ही भरच. शिकवताना मात्र हे कौतुकाने सांगतात, की मासा मोठा दिसतो. हवेचा काटा अंधूक होतो, त्याचं काय?

पन्नाशीला टेकले असताना मी मालवणात स्कूबा शिकायला गेले. ज्याचं ऋण इथे लिहिते आहे तो तिथला प्रशिक्षक. माझ्यापेक्षा बराच लहान, पण सगळं बंदर त्याला दादा म्हणतं, म्हणून मीही दादाच म्हणते.

डायव्हिंगमध्ये हवेचा हिशेब सोपा असतो आणि निष्ठुर असतो. अकरा लिटरचं सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरलं की त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा ओढणाऱ्याला ती किनाऱ्यावर बसल्या बसल्या एक तास पन्नास मिनिटं पुरली असती. वीस मीटर खाली दाब तिप्पट, म्हणजे हवाही तिप्पट लागते आणि अख्खं सिलिंडर छत्तीस-सदतीस मिनिटांत रिकामं होतं. शिवाय ते रिकामं करायचं नसतंच. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं. कुस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ मध्ये अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र तयार केलं, त्यानंतर बरीच वर्षं पाणबुडे काट्याशिवायच बुडी मारत. श्वास जड व्हायला लागला की पाठीमागची सळई ओढायची, राखीव हवा सुटायची आणि वरची वाट धरायची. त्या मानाने डाव्या कुशीला नळीवर लोंबणारं काट्याचं गेज म्हणजे चैनच. फक्त ते वाचता आलं पाहिजे.

दादा पाण्यात खुणेने विचारायचा, हवा किती? मी गेज हातात धरून लांब न्यायची, तिरकं करायची, उजेडाकडे वळवायची. उत्तराला उशीर व्हायचा. बाकीची पोरं तेवढ्यात बोटांनी सांगून मोकळी झालेली असायची. एकदा होडीवर ती सगळी पुढे जाऊन बसल्यावर दादा हळूच म्हणाला, "ताई, तुमका काटो दिसना नाय ना?" सगळ्यांसमोर विचारलं असतं तर मी त्याच दिवशी पुण्याची गाडी धरली असती.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या मनगटावरचा डायव्हिंगचा कॉम्प्युटर काढला आणि माझ्या हाताला बांधला. माझ्या रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राच्या, फर्स्ट स्टेजला, जिथे सिलिंडरचा पुरा दाब येतो त्या भोकात, अंगठ्याएवढा काळा ट्रान्समीटर पिळून बसवला. सिलिंडर उघडलं, दाब चढला आणि तो जागा झाला. पडद्यावर हिरवे, ठसठशीत आकडे उमटले. चष्म्याशिवाय वाचले मी ते.

पुढे त्याने मला यातली गंमतही समजावली. खारं पाणी वीजवाहक, त्यामुळे फोनमधल्या ब्लूटूथच्या लहरी त्यात वीतभरही धड जात नाहीत. म्हणून हे यंत्र अगदी कमी वारंवारितेवर, साधारण ३८ किलोहर्ट्झवर, दर काही सेकंदांनी दाबाचा आकडा पाठवतं, आणि तो पोचतो जेमतेम हातभर. मानेमागून मनगटापर्यंत तेवढं पुरतं. गेल्या काही मिनिटांत किती हवा ओढली ते पाहून या खोलीवर अजून किती मिनिटं निघतील, हेही कॉम्प्युटर सांगतो. घाबरले की ती मिनिटं डोळ्यांदेखत कमी व्हायची. पाय न झाडता निवांत तरंगले की वाढायची. आपण किती हावरटासारखा श्वास घेतो, ते मला तिथे कळलं.

पण दादाने नळीवरचं जुनं गेज काढू दिलं नाही. मी म्हटलं, आता ही दोरी कशाला? तो म्हणाला, "काटो खोटा बोलना नाय." (तसा काटाही क्वचित अडकतो, पण मालवणी माणसाशी वाद घालायची जागा होडी नव्हे.) त्याने त्या गेजच्या काचेवर नेलपॉलिशचे दोन पांढरे ठिपके दिले, एक १०० बारवर, एक ५० वर. आकडे दिसेनात का, काटा कोणत्या ठिपक्याच्या अलीकडे आहे ते दिसतं. आणि नियम घातला. त्याने विचारलं की मनगट छातीशी दाबून धरायचं, आधी अंदाज सांगायचा, मग आकडा बघायचा. सुरुवातीला माझा अंदाज तीस-चाळीस बारने चुकायचा, नंतर दहावर आला. यंत्र उसनं दिल्याबद्दल मी त्याचे आभार मानतेच. पण हा नियम त्याहून मोठा, असं माझं ठाम मत आहे.

त्याची प्रचीती नेत्राणीला आली. मुरुडेश्वरहून होडीने जातात ते बेट. आमच्या शेजारी एक छायाचित्रकार फ्लॅशचे मोठे दिवे घेऊन कसलासा गोगलगाईएवढा जीव टिपत होता, आणि माझ्या पडद्यावर दाबाच्या जागी नुसत्या रेघा आल्या. अशा फ्लॅशने संदेश अडतो, हे दादाने सांगून ठेवलं होतं. माझा अंदाज होता ११०. गेज उचललं, काटा पहिल्या ठिपक्याच्या किंचित वर होता. थोडी बाजूला सरकले आणि आकडा परत आला. कुणाला काही कळलंही नाही.

आता गार्मिनसारख्यांची ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रं आली आहेत. त्यांचा संदेश दहा मीटरपर्यंत जातो, म्हणजे प्रशिक्षकाला आपल्या मनगटावर शिष्याची हवा दिसू शकते. दादाकडे ते आलं तरी तो खुणेने विचारणं सोडणार नाही, आणि सोडूही नये. आकडा त्याला दिसला म्हणून तो मला ठाऊक आहे असं होत नाही.

पावसाळ्याआधी मोसम संपला तेव्हा यंत्र परत करताना मी भाड्याचं पाकीट पुढे केलं. "भाडा कसला?" म्हणत त्याने ते हातात घेतलंच नाही. नंतर मी स्वतःचं घेतलं, तेव्हाही त्याला विचारूनच. काही तरी माग, म्हणून मी मागे लागले तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली. होडीवरची नवखी पोरं आणि हौशी पाहुणे त्या काळ्या ट्रान्समीटरला मूठ समजतात आणि त्याला धरून अख्खं सिलिंडर उचलतात. तो तुटतो, रेग्युलेटरचं भोक खराब होतं, आणि भरल्या सिलिंडरच्या दाबापुढे हा खेळ बरा नव्हे. "कोणी ह्येका धरून टाकी उचलूक नको, येवढा सगळ्यांका सांगा."

ते सांगते आहे. मालवण, नेत्राणी, गोवा, अंदमान, कुठेही डायव्हिंगच्या होडीवर चढलात तर सिलिंडर उचलताना वरच्या झडपेला किंवा जॅकेटच्या पट्ट्याला धरा. त्या काळ्या नळकांड्याला हात लावू नका.