खावटीच्या दिवसांतली चव

गेल्या वर्षी वैशाखाच्या अखेरीस माझा भाचा घरी आला आणि त्याने माझ्याकडे दोन पानी मजकूर मागितला. तो आणि त्याचे दोन मित्र कल्याणहून मुरबाडकडे रविवारच्या सहली नेतात. सकाळी बसने माळशेजच्या रस्त्याने निघायचे, नाणेघाटाच्या पायथ्याजवळच्या एका ठाकरवाडीत उतरायचे, रानातून तासभर हिंडून भाज्या ओळखायच्या, ओढ्यावर मासे कसे धरतात ते पाहायचे आणि दुपारी वाडीतल्या बायकांनी रांधलेले पळसाच्या पत्रावळीवर जेवायचे. माणशी बाराशे रुपये. सोबत वाडीतलाच एक तरुण गाइड म्हणून असतो. त्याने काय बोलावे हे कुणी तरी नीट लिहून द्यायला हवे होते. भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्ही मराठीचे प्राध्यापक, शिवाय मुरबाडचे. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहील?’

या दोन विशेषणांनी माणूस फसतो. मी फसलो. मजकूर मी मोठ्या हौसेने लिहिला. ‘अस्सल’, ‘रानमेवा’, ‘निसर्गाच्या कुशीतला खाद्यवारसा’, ‘विस्मृतीत गेलेल्या भाज्या’ अशी सगळी हमखास नाणी त्यात होती. एरवी विद्यार्थ्यांच्या निबंधांत याच शब्दांखाली मी लाल रेघ ओढतो.

हौसेला आणखी एक कारण होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी स्पेनमध्ये असते. त्याच सुमारास तिचे एक सविस्तर पत्र आले होते. उत्तर किनाऱ्यावर बास्क प्रदेशात गेतारिया नावाचे मासेमारीचे एक लहान गाव आहे. मॅगेलन १५२१ मध्ये वाटेतच मारला गेल्यावर उरलेले एकमेव जहाज १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आणणारा एल्कानो याच गावचा. तिथे तिने एक दिवसाची सहल घेतली होती. गाइड एका कोळ्याची मुलगी होती. तिने बंदर दाखवले, अँचोवी नावाचे लहान मासे मिठात कसे मुरवतात ते दाखवले, मग सगळ्यांनी दारासमोर निखाऱ्यांवर भाजलेला मासा खाल्ला आणि तिथली पांढरी वाइन घेतली. विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘सर, ती मुलगी आपल्या बापाच्या जाळ्याबद्दल ज्या तोऱ्यात बोलत होती, तसा तोरा आपल्याकडे कधी येणार?’ हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. माझ्या मजकुराने तो तोरा वाडीला मिळवून द्यावा, असे काहीसे मला वाटत असावे.

‘गाइड’ हा शब्द मात्र मला नको होता. मी सगळीकडे ‘वाटाड्या’ लिहिले आणि स्वतःवर खूश झालो. नाणेघाटासारख्या सातवाहनकालीन वाटेच्या तोंडाशी, जिथे वर नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, तिथे याहून योग्य शब्द कोणता? पुढे कधी तरी सावकाश विचार करताना लक्षात आले की हा शब्द दिसतो तितका निरागस नाही. जुन्या गावगाड्यात वाटसरूला, त्याहून अधिक करून सरकारी अंमलदाराला, पुढच्या गावापर्यंत वाट दाखवत नेणे हे महाराच्या वतनी कामांपैकी एक होते. ती रात्रीअपरात्री बोलावली जाणारी वेठ होती. डॉ. आंबेडकरांनी ज्या वतनाविरुद्ध आयुष्यभर झगडा दिला आणि जे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यात रद्द झाले, त्या वतनाच्या पोटात हा वाटाड्याही होता. मराठी शब्द शोधून काढल्याचा आनंद आपण फार लवकर मानतो. त्या शब्दावर कुणाचे ओझे होते, हे पाहायचे राहून जाते.

असो. मृगाच्या दुसऱ्या रविवारी मी स्वतः सहलीला गेलो.

पाऊस नुकता लागून आठवडा झाला होता. अशा वेळी मुरबाडचे रान एका रात्रीत बदलते. काल जिथे करपलेले गवत होते तिथे टाकळा, कुरडू, फोडशी वर येते, आणि झाडांच्या सावलीत, पानाचा पत्ता नसताना, जमिनीतून सरळ शेवळं निघतात. शेवळ हा सुरणाच्या कुळातला फुलोरा. पाने मागाहून येतात. चवीला अप्रतिम, पण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि नीट केली नाही तर भाजी घशाला भयंकर खाजते. म्हणून वरचे आवरण काढायचे, आतला खाजरा दाणेदार भाग टाकून द्यायचा, हाताला तेल लावून चिरायचे आणि शिजवताना काकडाची आंबट फळे घालायची. ही काकडंही नेमकी याच दिवसांत मिळतात. ज्याने प्रथम या दोन गोष्टी एका भांड्यात घातल्या, त्याची विद्वत्ता आपल्या कोणत्याही इतिहासात नोंदलेली नाही. शेवळं शहराला नवी नाहीत. ठाण्या-दादरच्या बाजारात आदिवासी बायका त्यांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या स्वयंपाकघरात कोलंबी घातलेली शेवळांची भाजी हा वर्षातला सोहळाच असतो. त्या पदार्थाचे कौतुक सुगरणीचे होते. ते रास्तही आहे. पण जुडी बांधणारीचे नाव त्यात येत नाही.

तरुण वाटाड्याने माझा मजकूर तोंडपाठ केला होता. तो पुढे चालत होता, झाडाझुडपांशी थांबत होता आणि स्वच्छ, जरा शाळकरी मराठीत बोलत होता. एका उतारावर वाकून त्याने कोवळी फोडशी उपटली, वर धरली आणि म्हणाला, ‘काळाच्या ओघात विस्मृतीत गेलेली ही भाजी...’ एवढे बोलून तो थांबला. ओळ विसरला असावा असे मला वाटले. तसे नव्हते. मागून येणारी त्याची लहान बहीण फिसकन हसली होती. तिने ठाकरी बोलीत काही तरी म्हटले आणि तोही हसू लागला. पाहुण्यांपैकी कुणी तरी विचारले तेव्हा त्याने सांगितले, ‘ती म्हणते, काल रात्री आपल्याकडे हीच होती, तू एवढ्यात विसरलास?’

सगळे हसले. मीही हसलो. पण ‘विस्मृतीत गेलेली’ हे विशेषण कुणाच्या स्मृतीचे होते, हा प्रश्न काही त्या हसण्याबरोबर विरला नाही. पुढे ओढ्यावर गेलो. पहिल्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात, त्यांना आमच्याकडे वलगणीचे मासे म्हणतात. माझ्या मजकुरात या वलगणीवर एक मोठा रसाळ परिच्छेद होता. प्रत्यक्षात दोन बायकांनी गुडघाभर पाण्यात जाळी धरून अर्ध्या तासात ओंजळभर मळ्ये काढले आणि एका मुलाने दगडाखालून चार मुठे, म्हणजे काळे खेकडे, काढून दाखवले. फोटो मात्र पुष्कळ निघाले.

जेवण उत्तम होते. नाचणीची भाकरी, शेवळं, वाल घालून केलेली फोडशी, खेकड्यांचा रस्सा. त्याशिवाय एका द्रोणात उकडलेल्या, पिवळसर चकत्या होत्या. तो कडूकंद. मीच मजकुरात त्याला ‘पारंपरिक आदिवासी पक्वान्न’ म्हटले होते, कारण यादीत एखादे अपरिचित नाव असावे असे भाच्याचे म्हणणे पडले. कंदाच्या पातळ चकत्या राख घालून उकडतात, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा आणि विखार उतरतो. एवढे करूनही जिभेच्या मुळाशी काही तरी रेंगाळतेच. पाहुण्यांतल्या एका बाईंनी वही काढून वाढणाऱ्या म्हातारीला कृती विचारली आणि वर म्हणाल्या, ‘आजी, हे तुम्ही सणावाराला करता का?’

म्हातारीला प्रश्न समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, ‘सणाला कशाला बाय? घरात दाणा असता तं हे कोण खाईल?’

ती रागावलेली नव्हती. माहिती विचारली होती, ती तिने दिली. मी पत्रावळीकडे पाहत राहिलो.

मुरबाड-शहापूरच्या वाड्यांत जेठ-आषाढ हे कणग्या रिकाम्या होण्याचे दिवस. मागच्या वर्षीचे भात-नाचणी संपलेले, नवे पीक अजून हातभर उंच नाही, आणि रानात लावणीखेरीज काम नाही. याच दिवसांत सावकाराकडून धान्य उसने आणायचे आणि पीक आल्यावर दिडीने-दुपटीने फेडायचे, त्याला खावटी म्हणतात. ‘खाणे’ या धातूपासून झालेला, पण कर्जाचा अर्थ असलेला हा शब्द दुसऱ्या कोणत्या भाषेत असा असेल का, मला शंका आहे. या पेचातून सोडवण्यासाठी राज्य सरकारने १९७८ पासून आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना चालवली. टाळेबंदीच्या २०२० साली ती पुन्हा सुरू करताना कर्जाऐवजी अनुदान द्यायचे ठरले. कातकऱ्यांची तऱ्हा याहून बिकट. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या तोंडाला रिकाम्या हाताने वाडीवर परतायचे. तेव्हा समोर जे असते ते म्हणजे रान. टाकळा, कुरडू, चाईचा बार, करांदे, मुठे. आम्ही ज्याला रानभाज्यांचा मोसम म्हणतो आणि ज्याचे महोत्सव भरवतो, तो खावटीचा मोसम आहे. दोन्हींची तिथी एकच आहे. माझ्या दोन पानांत ‘खावटी’ हा शब्द नव्हता.

आणि मला तो माहीत होता, हीच खरी अडचण. माझे वडील तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शिक्षक होते. पावसाच्या पहिल्या आठवड्यात दारावर शेवळांची हाक यायची. आई जुड्या हातात घेऊन उलटसुलट पाहायची, ‘कोवळी नाहीत ग’ म्हणायची आणि भाव पाडायची. कधी पैशांऐवजी मीठ-मिरची, कधी बाबांचा विरलेला सदरा द्यायची. आई दुष्ट नव्हती. एका पगारात सहा माणसांचा संसार करणारी कोणतीही बाई जशी घासाघीस करील तशी ती करायची. त्याच दिवसांत बाबा संध्याकाळी पडवीत कंदिलाशी बसून हजेरीपट भरत. वाडीवरच्या मुलांच्या नावांपुढे ‘ग’ च्या रांगा लागत. माझ्या वर्गातला एक मुलगा दर वर्षी शाळा उघडली की तीन-चार आठवडे यायचा नाही. ‘यांना शिक्षणाची आस्थाच नाही,’ असे बाबा फार कळवळून म्हणत. चौथीत असताना ‘पावसाळा’ या विषयावरच्या माझ्या निबंधाला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. त्यात शेवळांच्या भाजीवर चार ओळी होत्या. तो मुलगा त्या वेळी कुठे होता हे मला ठाऊक होते, कारण एकदा आईच्या दारात टोपली उतरवायला तोच आला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि ओळख दाखवली नाही. मी लाजलो म्हणून, की तो, ते आता सांगता येणार नाही.

मराठी वाङ्मयात रान पुष्कळ आहे, त्यातले जेवण कमी आहे, आणि त्या जेवणामागची टंचाई त्याहून कमी. याच ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांवर गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिले. ते डहाणू-तलासरीचे मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. वेठ आणि भूक यांना त्यांच्या नावांनी हाक मारणारे ते पुस्तक आम्ही अभ्यासक्रमात ‘चळवळीचे साहित्य’ या कप्प्यात ठेवतो आणि ललित गद्याच्या तासाला ‘ऋतुचक्र’ काढतो. दुर्गाबाईंवर मात्र हा आरोप करता येत नाही. आदिवासींमध्ये संशोधन करीत हिंडताना विषारी सुरण खाण्यात आल्याने त्यांची तरुणपणातली कित्येक वर्षे आजारात गेली. रानातल्या चवीची किंमत त्यांना शरीराने मोजावी लागली होती. आमची बाराशे रुपयांत भागते.

परतल्यावर मी मजकूर नव्याने लिहिला. खावटी घातली, वीटभट्ट्या घातल्या, कडूकंदाचे ‘पक्वान्न’ काढले. भाच्याने तो वाचला आणि शांतपणे म्हणाला, ‘मामा, हे सगळं खरं आहे. पण रविवारी लोक यासाठी येत नाहीत.’ मी चिडलो. तेव्हा त्याने सरळ हिशेब मांडला. एका सहलीमागे रांधणाऱ्या चार बायकांना मिळून जे मिळते, ते त्यांना मुरबाडच्या बाजारात आठवडाभर जुड्या विकून मिळत नाही. आणि बाजारात जायचे तर एस.टी.चे भाडे, वर जागेसाठी बोलणी खायची ती वेगळीच. हे मला खोडून काढता आले नाही.

वाटाड्याचे म्हणणे मात्र मला अनपेक्षित होते. मी त्याला फोन करून नवा मजकूर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, पहिल्यात तुम्ही आम्हांला देव केलं होतं, यात भिकारी केलंय. लोक जेवताना माझ्या आजीकडे कसं बघतील?’ मी म्हटले, पण खावटी खरी नाही का? ‘खरी आहे. अजून आहे. पण ती मी कुणाला सांगायची ते मी ठरवीन ना?’ तो कुणाला सांगतो, असे मी विचारले. जो कंद पुन्हा मागून घेतो त्याला, असे तो म्हणाला.

मग आम्ही तिघांनी बसून काटछाट केली. म्हणजे त्यानेच केली, मी शुद्धलेखन पाहिले. ‘वाटाड्या’ गेला. त्याला ‘गाइड’ हवा होता. ओळखपत्रावर तसेच छापून घ्यायचे होते. ‘अस्सल’ आणि ‘वारसा’ गेले. वलगणीचा परिच्छेद अर्धा राहिला, त्यात ‘मासे मिळतीलच असे नाही’ हे वाक्य त्याने घातले. कडूकंद कसा करतात ते आले, आणि ‘हा आम्ही भात संपल्यावर खातो’ एवढी एक ओळ, कुठलेही विशेषण न लावता. फोडशीपुढे माझे ‘विस्मृतीत गेलेली’ होते तिथे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले: ‘ही काल आमच्याकडे झाली होती.’

निघताना म्हातारीने शेवळांच्या दोन जुड्या माझ्यासमोर ठेवल्या. तिने भाव सांगितला, मी तेवढे पैसे दिले. तिने ते मोजून घेतले. घरी आल्यावर सोलायला बसलो तेव्हा लक्षात आले की ती कशी करतात हे मी कधी पाहिलेच नव्हते, फक्त खाल्ली होती. काकडं घ्यायचीही राहिली होती. चिंच घातली. रात्रभर घसा खाजत होता.