पाण्याची सिलक

बँकेत नोकरीला असताना दिवसअखेरची रोकड जुळल्याशिवाय आमच्या शाखेचे दार बंद होत नसे. संगणक येण्यापूर्वीच्या त्या काळात काही पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री उशिरापर्यंत खतावण्या चाळल्या आहेत. फरक किती, हा प्रश्न गौण असे. फरक आहे, एवढेच पुरेसे असे. निवृत्तीनंतर ही सवय सुटली, असा माझा समज होता. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत गेलो आणि एका जुन्या मोटरहोमने ती पुन्हा जागी केली.

मुलगा ओहायो राज्यात राहतो. न्यू जर्सीतील ब्लेअर्सटाउन येथे आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ मध्ये स्थापन केलेले सिद्धाचलम तीर्थ आम्हां उभयतांना दाखवावे, अशी त्याची इच्छा. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि उकळलेले पाणी हे सौ.चे नियम वाटेतल्या हॉटेलांत पाळता येणार नाहीत, हे जाणून त्याने स्वयंपाकघर असलेली ही जुनी गाडी घेतली होती.

निघण्यापूर्वी एक रात्र आम्ही जवळच्या उद्यानात गाडीतच मुक्काम केला. पहाटे सामायिकाला बसलो असता पायाखालून घरघर ऐकू आली आणि क्षणात थांबली. काही मिनिटांनी पुन्हा तेच. तो पाण्याचा पंप होता. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ मिटला की दाब भरून तो थांबतो. परंतु त्या वेळी एकही नळ उघडा नव्हता. म्हणजे पाणी कोठेतरी जात होते आणि त्याची नोंद होत नव्हती.

सकाळी मुलाला म्हणालो, "अरे, तुझ्या टाकीचा हिशेब जुळत नाही."

"बाबा, थेंब-थेंब गळत असेल. परत आल्यावर बघू," तो म्हणाला.

मी ऐकले नाही. बेसिनखालचे कपाट रिकामे केले, तर मागच्या सांध्याखालची फळी बोट रुतेल इतकी मऊ झाली होती. नळ्या करड्या रंगाच्या पॉलिब्युटिलीनच्या होत्या. १९९५ च्या आसपासपर्यंत तिकडे त्या सर्रास वापरत. पाण्यातील क्लोरीनने त्या कालांतराने ठिसूळ होतात. एक सांधा बदलून भागणार नव्हते.

पुढचे चार दिवस आम्ही बापलेक त्या कामात होतो. जुन्या नळ्या काढून पेक्सच्या लवचिक नळ्या घातल्या, गरम पाण्याला लाल आणि थंडाला निळ्या. प्रत्येक शाखेला स्वतंत्र झडप बसवली. पंपाच्या आधी जाळी आणि पंपानंतर दाब सांभाळणारी छोटी टाकी आली. त्यामुळे पेलाभर पाण्यासाठी पंप चालू-बंद होईना. मुक्कामाच्या ठिकाणच्या नळाला कधी फार दाब असतो, म्हणून बाहेरच्या जोडणीवर दाबनियंत्रक लावला. मुलगा नळ्या कापी, मी मापे लिहून घेई. इतके दिवस सलग आम्ही एकमेकांजवळ बसलो, असे त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर प्रथमच घडले.

खरी अडचण नंतर आली. नव्या नळ्या वापरण्यापूर्वी टाकीत क्लोरीनचे द्रावण भरून ते सर्वत्र फिरवावे लागते. सौ.ने विचारले, "आत जे जीव असतील, त्यांचे काय?" मुलगा म्हणाला, "आई, नाही केले तर आपण आजारी पडू." दोघांचेही खरे होते. मी मध्ये पडलो नाही.

मला माझी आई आठवली. ती विहिरीचे पाणी दुहेरी जाड वस्त्रातून गाळी आणि गाळण्यावरची जिवाणी गाळलेल्याच पाण्याने धुऊन, बादली अलगद खाली नेऊन त्याच विहिरीत सोडी. "त्यांचं घर आहे ते," एवढेच ती सांगे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. येथे तर टाकीत पाणी आठवडाभर साठून राहणार होते. मी स्वतः घरात शुद्धीकरण यंत्र आल्यापासून गाळणे खुंटीला टांगले होते. आईची ती शिस्त मी स्वच्छतेच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. ती जीवदयेच्या खात्यातील होती, हे त्या दिवशी जाणवले.

अखेर मार्ग सौ.नेच सुचवला. पाणी साठूच द्यायचे नाही. म्हणजे जीव उत्पन्न होणार नाहीत आणि वारंवार औषध घालावे लागणार नाही. मुलाने नळ्यांच्या सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याची तोटी बसवली. द्रावण एकदाच फिरवून टाकी धुतली. त्या सायंकाळी सौ.चे प्रतिक्रमण नेहमीपेक्षा लांबले.

टाकी ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटर. भरली की गाडीवर १५० किलोंचा भार. प्रवासात आम्ही गरजेपुरतेच पाणी घेत असू आणि वापर संपला की टाकी कोरडी करत असू. पिण्याचे पाणी वेगळे गाळून उकळत असू. मी वहीत भरणा आणि खर्च लिहीत होतो. अंगावर पाणी घेऊन नळ मिटायचा, साबण लावायचा, मग पुन्हा उघडायचा, असे केल्याने तिघांची अंघोळ घरच्या एका बादलीहून फारशी जास्त होईना. सिद्धाचलमला शिखरजीच्या प्रतिकृतीसमोर हात जोडले, तेव्हा पंप तीन दिवस विनाकारण वाजला नव्हता.

एक नोंद मात्र जुळली नाही. मुक्कामाच्या नळाचे पाणी कोणत्या विहिरीचे वा तलावाचे, हे आम्हाला कळत नसे. मग जिवाणी तिच्या मूळ घरी कशी सोडावी? सौ. ती झाडाखालच्या ओल्या सावलीत हलकेच ओतत असे आणि क्षणभर उभी राहत असे.

परतल्यावर मी स्वयंपाकघरातील नळाला दुहेरी वस्त्र बांधले आहे. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत धरतो. ते फरशी पुसायला पुरते. रात्री सर्व निजले की एकदा स्वयंपाकघरात जाऊन कान देतो. कोठे थेंब पडत असेल, तर तो ऐकू यावा, एवढ्यासाठी.