घाटाच्या पायऱ्या आणि मावशीचे गुडघे

पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या आपणां सर्वांस परिचित आहेतच. १८४९ नंतर जहाजांनी आलेल्या आपल्या पुष्कळ पूर्वजांची या बेटाशी पहिली ओळख तेथेच झाली. २००६ साली त्या स्थळाची जागतिक वारशात गणना झाली. परंतु ज्यांच्या मुखी त्या पूर्वजांच्या हकीकती आहेत, त्या वृद्धांनाच घरी ठेवून आपण सहलीस जातो, हे नवलच!

माझी मावशी ब्याऐंशी वर्षांची. विचारले की म्हणते, "तुम्ही या जाऊन. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको." या संकोचास तिच्या गुडघ्यांपेक्षा आपली व्यवस्थाच अधिक कारण आहे. २००५ पासून वृद्धांस व अपंगांस बसचे भाडे पडत नाही. पण पुष्कळ बसगाड्यांची पहिली पायरी तिच्या गुडघ्याहून उंच! मेट्रोत मात्र फलाट व डबा एका पातळीत असल्याने ती काठी टेकीत सहज आत शिरते.

तेव्हा सहल ठरविताना जवळ शौचालय, बसावयास सावली आणि सोबतीस एखादा धट्टाकट्टा तरुण, एवढे आधी पाहून ठेवावे. मग घाटावर बसून मावशी आपल्या आजोबांविषयी बोलू लागली, तर परतीची गाडी चुकेल म्हणून कोणी घड्याळ पाहू नये.