दोरीवरच्या चिठ्ठ्या

आमच्या घरी कपडे वाळत घालण्याचीही एक रीत आहे. बाबांचे आणि माझे शर्ट अंगणातल्या दोरीवर, भर उन्हात. आईचे आणि ताईचे काही कपडे मात्र परसातल्या दोरीवर, आणि तेही टॉवेलखाली झाकून. लहानपणी मी एकदा विचारले होते, "यांना ऊन नको का?" आई म्हणाली, "लोकांची नजर पडते." ते उत्तर मी विसरूनही गेलो होतो. यंदाच्या मार्च महिन्यात ते पुन्हा आठवले.

त्याचे असे झाले. ८ मार्चसाठी नेहमीप्रमाणे भाषणांचा कार्यक्रम ठरत होता. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "भाषणे पुष्कळ झाली. यंदा आपण दोरी बांधू." आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मग त्यांनी मोनिका मायेर या मेक्सिकन चित्रकर्तीची हकिगत सांगितली. १९७८ साली मेक्सिको सिटीच्या आधुनिक कला संग्रहालयात तिने जे मांडले ते चित्र नव्हतेच. आधी तिने निरनिराळ्या वयांच्या आणि थरांतल्या सुमारे ८०० स्त्रियांना, बाई म्हणून या शहरातले सर्वांत नकोसे काय वाटते, ते गुलाबी चिठ्ठीवर लिहायला सांगितले. पुष्कळजणींनी रस्त्यावर आणि बसमध्ये होणाऱ्या छळाबद्दल लिहिले. त्या चिठ्ठ्या तिने चिमटे लावून दोऱ्यांवर टांगल्या. कलाकृतीचे नाव 'एल तेंदेदेरो', म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. पाहायला आलेल्या बायकाही, कोणी सांगितले नसताना, आपल्या चिठ्ठ्या त्यात घालू लागल्या.

"पण मॅडम, यात कला कुठे आहे?" मी विचारले.

"तू उंच आहेस. दोरी तूच बांध, मग सांग."

ग्रंथालयासमोरच्या व्हरांड्यात दोन खांबांना मी सुतळी बांधली. चिमटे वसतिगृहातल्या मुलींनी आणले. नियम दोनच : स्वतःचे नाव लिहायचे नाही, दुसऱ्या कोणाचे घ्यायचे नाही. पहिल्या दिवशी खोक्यात तीन चिठ्ठ्या निघाल्या, त्यांतल्या दोन कोऱ्या. फजिती होणार असे वाटले. तिसऱ्या दिवशी मात्र सुतळी पुरेना. शेवटची बस चुकते म्हणून नाटकाची तालीम सोडणारी एक. भावाला मोटरसायकल आणि आपल्याला बसचा पास, असे लिहिणारी एक. आणि वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा आलेले एक वाक्य : "घरी सांगत नाही, कारण सांगितले तर कॉलेजच बंद होईल." त्रास देणारा दुसराच, आणि शिक्षण सुटणार हिचे. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

चौथ्या दिवशी हाती आलेली चिठ्ठी अशी होती : "स्टँडसमोरच्या रसवंतीपाशी चार-पाच जण उभे असतात. एक शिट्टी वाजवतो, बाकीचे हसतात. मला शिट्टीपेक्षा त्या हसण्याची भीती वाटते. मी आता मागच्या गल्लीने येते. वीस मिनिटे जास्त लागतात."

शिट्टी मी कधीच वाजवली नाही. हे मी मनाशी दोनतीनदा म्हणून पाहिले. पण हसणाऱ्यांत मी होतो. व्हरांड्यात त्या वेळी कोणी नव्हते. चिठ्ठी मी खिशात घातली. कोणाला कळणार होते? जिन्यापर्यंत गेलो, परत आलो आणि ती दोरीच्या मधोमध लावली. चिमटा दोनदा निसटला.

आपल्याकडेही अशी कामे झाली आहेत. ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ साली आणले आणि ते गावोगाव पोहोचवले. जस्मीन पाठेजा यांनी विद्यार्थिदशेत, २००३ साली, बंगळूरमध्ये 'ब्लँक नॉइज' सुरू केले. छळ झाला त्या वेळी अंगावर असलेले कपडेच तिथे स्त्रिया आणून देतात. दोष कपड्यांचा नव्हता, हे ते कपडेच सांगतात. नाटक पाहून प्रेक्षक घरी जाऊ शकतो. दोरीपुढे उभा राहिलेला माणूस कधी कधी स्वतःच त्या चिठ्ठीत सापडतो. मॅडमना द्यायचे उत्तर मला असे मिळाले.

मायेर यांची दोरी पुढे अनेक शहरांत बांधली गेली, तेव्हा आणखी एक प्रश्न त्यात आला : छळाविरुद्ध तुम्ही काय केले, किंवा काय कराल? शेवटच्या दिवशी मॅडमनी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि मुलांनाही चिठ्ठ्या दिल्या. मी लिहिले, "मी हसलो होतो."

रसवंतीपाशी मी मित्रांना हे सांगितले. एक जण चिडला, एक गप्प झाला. शिट्टी आता वाजत नाही, निदान मी असताना तरी. ती मुलगी अजून मागच्या गल्लीनेच येत असेल. तिचा विश्वास परत आणायला एक चिठ्ठी पुरणार नाही.

लोकांची नजर, असे आई म्हणाली होती. ते लोक कोण, हे मला त्या दोरीने सांगितले. माझी चिठ्ठी नियमाप्रमाणे निनावी होती. हा लेख मात्र मी नावानिशी वार्षिकाला दिला आहे.